साम्राज्याचे वेसकर

१६ एप्रिल १८८० रोजी अफगाणिस्तानात दुब्राई नावाच्या एका चौकीवर तीन माणसं मेली. मेजर सिडनी जेम्स वॉडबी, शिपाई इलाही बक्ष आणि शिपाई सोननाक तान्नाक. तिघंही मुंबई लष्कराच्या १९ व्या पायदळ पलटणीतले. समोर तीनशे माणसं. तीन तास त्यांनी चौकी लढवली. काडतुसं संपली तेव्हा भिंतीआड दडून बसले नाहीत. बाहेर पडले, गर्दीत घुसले आणि लढता लढता मेले.

मेजरच्या नावानं मुंबईत रस्ता झाला. वॉडबी रोड. बाकी दोघांची नावं मेजरच्या स्मरणार्थ लिहिलेल्या मजकुरात त्याच्या मागोमाग येतात, तेवढीच.

आता ते तिसरं नाव परत वाचा. सोननाक तान्नाक. बापाच्या नावातही नाक, पोराच्या नावातही नाक. कोरेगावच्या स्तंभापुढं आपण दर १ जानेवारीला उभे राहतो. तिथं मेलेल्यांच्या यादीत 'नाक' शेवटी असलेली बावीस नावं आहेत. पलटणीच्या हजेरीपटात हे 'नाक' लागलं की तो महार, हे कुणी वेगळं सांगायला नको. म्हणजे कोरेगावनंतर बासष्ट वर्षांनी, गावापासून शेकडो कोस लांब, पार अफगाण मुलखातल्या एका चौकीवर आपला माणूस पहारा देत होता.

कुणाच्या चौकीवर? कशासाठी? हे दोन प्रश्न मला गेलं वर्षभर झोपू देत नाहीत. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर रात्रपाळी असते. तुटलेला धागा जोडत फिरायचं, एवढंच काम. हात आपोआप चालतात. डोकं मोकळं असतं, तेव्हा ते असल्या प्रश्नांच्या मागं लागतं.

दुब्राई बघायला जाणं माझ्यासारख्याला शक्य नाही. कंदहारचं तिकीट काढून द्यायला आपल्याकडं कोण बसलंय! पण साम्राज्य आपल्या लढायांच्या खुणा राजधानीत आणून ठेवतं. मुंबई ही त्या लष्कराची राजधानी होती. म्हणून ६ डिसेंबरला आम्ही दोघं गिरणीतले दोस्त चैत्यभूमीवर गेलो, रांगेत उभं राहिलो, शिवाजी पार्कात पुस्तकं घेतली, आणि सगळे परतीच्या गाडीला लागले तेव्हा मागं राहिलो. सात तारखेला कुलाब्याला गेलो.

कुलाब्याला नेव्हीच्या वस्तीत एक मोठं जुनं चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. १८४७ मध्ये पाया घातला, १८५८ मध्ये प्रार्थनेला खुलं झालं. शिखर १८६५ मध्ये पुरं झालं. सुमारे दोनशे फूट उंच. त्या काळी समुद्रातून येणाऱ्या जहाजांना ते लांबून दिसायचं. आत गारवा, रंगीत काचा, जुनी निशाणं. आणि वेदीकडच्या भिंतीवर नावं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत, १८३८ ते १८४३ या काळात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं. कॅप्टन अमुक, लेफ्टनंट तमुक, पलटण अमुक.

माझा दोस्त इंग्रजी फारसं वाचत नाही. तो म्हणाला, "आपलं कुठाय ते दाव."

मी शोधलं. आपलं म्हणजे शिपायांचं काय आहे तर एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की हे चर्च त्या अधिकाऱ्यांच्या आठवणीसाठी, आणि त्या साध्या शिपायांच्या व हवालदार-नाईकांच्या आठवणीसाठी बांधलं, जे इतके जास्त मेले की त्यांची नावं अशी लिहिता येणार नाहीत.

हे मी त्याला मराठीत सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे जास्त मेले म्हणून नाव न्हाई?"

मित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकांनी शंभर पानांत जे झाकलं, ते त्यानं एका वाक्यात उघडं केलं. थोडे मेले तर नाव. जास्त मेले तर आकडा. आणि आकडासुद्धा कुणाचा? पलटणीच्या मागं चालणाऱ्यांचा तर तोही अंदाजानं. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांची फौज काबूल सोडून बर्फातून माघारी निघाली आणि वाटेत खलास झाली. ती बंगालची फौज. तिच्यात साडेचार हजाराच्या आसपास सैनिक होते आणि बारा हजाराच्या आसपास बिनहत्यारी माणसं. पखाल वाहणारे भिस्ती, डोलीवाले, झाडूवाले, मोची, घोड्यांचे खिजमतगार, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. आपल्याकडच्या बखरी आणि शाळेची पुस्तकं असल्या माणसांना बाजारबुणगे म्हणतात. शब्दातच शिवी आहे. एका सैनिकामागं जवळजवळ तीन बाजारबुणगे त्या बर्फात गोठून नाहीतर कापले जाऊन मेले. जखमी गोऱ्याची डोली खांद्यावर घेणाऱ्या माणसाची जात काय असायची, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे काय?

त्या युद्धात मुंबईची फौज सिंधमधून बोलन घाटानं वर गेली होती. इंग्रजांना काबूलच्या गादीवर आपल्या मर्जीतला शहा शुजा बसवायचा होता. रशियाची भीती होती म्हणतात. लंडनमधल्या साहेबाला रशियाची भीती वाटली आणि कोकणातल्या, देशावरच्या पोरांना बंदूक खांद्यावर घेऊन बलुचिस्तानात जावं लागलं. २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला घेतला, १३ नोव्हेंबरला कलात घेतलं. गादीवर माणूस बसवला. आता रस्ता राखायचा होता. इथून सरहद्दीवरच्या किल्ल्याचं खरं काम सुरू होतं.

काहनची गोष्ट ऐका. काहन हा बलुचिस्तानात मर्री टोळीच्या डोंगरातला किल्ला. मे १८४० मध्ये कॅप्टन लुईस ब्राऊन मुंबईच्या ५ व्या पायदळ पलटणीची तुकडी घेऊन तिथं जाऊन बसला. रसद पोचवून उंटांचा तांडा परत निघाला, तर त्याच्याबरोबरची तुकडी मर्रींनी डोंगरात गाठून कापून काढली. किल्ल्यात उरले साधारण एकशेचाळीस शिपाई. उन्हाळा, तापाची साथ, अपुरं अन्न आणि चहूकडून वेढा. जूनमध्ये मदत नाही, जुलैत नाही. ३१ ऑगस्टला मेजर क्लिबॉर्न मुंबई ग्रेनेडियर्सची पलटण घेऊन नफुस्कच्या घाटाशी आला. वरती मर्री बसलेले. खाली पाण्याचा थेंब नाही. त्या दिवशी पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. किती तलवारीनं आणि किती तहानेनं, ते त्या खिंडीला माहीत. उंट गेले, रसद गेली, क्लिबॉर्न माघारी फिरला. शेवटी ब्राऊननं मर्रींचा सरदार दोडा खान याच्याशी तह केला आणि २८ सप्टेंबरला किल्ला सोडला. पाच महिन्यांचा पहारा. दोडा खाननं दिलेला शब्द पाळला. जाताना वाटेत हात लावला नाही.

आता हे ध्यानात घ्या. मुंबई लष्कराच्या पायदळात त्या काळी महार शिपाई भरपूर होते. इंग्रजांच्या कागदात त्यांना 'परवारी' म्हणत. बंगालच्या पलटणी ब्राह्मण-रजपुतांनी भरलेल्या. तिथं सोवळं आधी आणि हुकूम नंतर. मुंबईच्या पलटणीत तसं नव्हतं. एकाच कंपनीत मराठा, मुसलमान, परवारी, हिंदुस्तानातला परदेशी, कोकणातला यहुदी, सगळे एका रांगेत. हजेरीला नावानं हाक. बढती झाली तर महार सुभेदार व्हायचा आणि वरच्या जातीचा शिपाई त्याला सलाम ठोकायचा. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याचा हुकूम छावणीत चालत होता. सात रुपये महिना पगार होता. सात रुपयांत पोट भरतं. सलामानं काय भरतं ते ज्याला कधी सलाम मिळाला नाही त्यालाच कळतं.

म्हणून मी सोननाकला भाडोत्री म्हणू शकत नाही. शहरातले काही विद्वान म्हणतात, महार इंग्रजांकडून लढले म्हणजे देशद्रोही. कोणता देश? पेशवाईत गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून चालवणारा देश? माणूस जिथं त्याला माणूस म्हणून मोजतात तिथं जातो. एवढा सरळ हिशेब आहे.

पण हिशेब इथं संपत नाही. पुढचं सांगायचंय म्हणून तर हे लिहायला बसलोय.

कुलाब्याहून आम्ही फोर्टात आलो. फोर्ट म्हणजे कोट. मुंबईचा हा कोट खरंच कोट होता. १८६० नंतर त्याच्या भिंती पाडल्या, नाव तेवढं राहिलं. आझाद मैदानाला लागून जो रस्ता जातो त्याची पाटी आता हजारीमल सोमाणी मार्ग अशी आहे. हाच तो वॉडबी रोड. एका चहावाल्याला विचारलं, वॉडबी कोण होता? तो म्हणाला, "असेल कुणी विंग्रज साहेब." बरोबर आहे त्याचं. साहेबाचं नाव गेलं, शेठजीचं आलं. सोननाकचं नाव पाटीवर आधी नव्हतं, नंतरही नाही. त्याच मैदानात आपण मोर्चे घेऊन जातो, घोषणा देतो, पोलिसांच्या लाठ्या खातो. पलीकडच्या रस्त्याचं नाव एका महार शिपायाच्या लढाईवरून पडलं होतं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? काबूलमध्येही त्याच युद्धाच्या नावाचा एक रस्ता आहे. मैवंद रस्ता. त्यांनी आपल्या विजयाचं नाव जपून ठेवलं. ते त्यांचं युद्ध होतं म्हणून.

मैवंदचं सांगायलाच पाहिजे, कारण सोननाकच्या पोराबाळांचं नशीब तिथं फुटलं.

दुसरं अफगाण युद्ध १८७८ ते १८८०. चमनहून कंदहारकडं जाणाऱ्या रस्त्यावर इंग्रजांच्या लहान लहान चौक्या होत्या. दुब्राई त्यातलीच. रसद, टपाल, तारा, सगळं त्या चौक्यांच्या जिवावर. सोननाक एप्रिलमध्ये मेला. २७ जुलैला कंदहारच्या पश्चिमेला मैवंदच्या माळावर ब्रिगेडियर जनरल बरोजची अडीच हजारांची फौज अयुब खानच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढं उभी राहिली. भर उन्हात, पाण्यावाचून. अयुब खानकडं तोफाही जास्त होत्या. जनरलनं जागा चुकीची धरली, बाजू उघड्या टाकल्या. मुंबईच्या दोन पलटणी तिथं होत्या, ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. जेकब्जमध्ये नवखी पोरं जास्त होती. तासन्‌तास तोफगोळे खाल्ल्यावर रांग फुटली. नऊशेच्या वर माणसं मेली. ग्रेनेडियर्सची तर अर्ध्याहून जास्त पलटण गारद झाली.

गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीतली मूठभर माणसं शेवटपर्यंत लढली. त्यांची इंग्लंडात चित्रं निघाली. जनरलच्या चुकीचं खापर मात्र काळ्या शिपायावर फुटलं. मुंबईचा शिपाई कच्चा, असं ठरलं. उरलेली फौज कंदहारच्या तटामागं कोंडली गेली. १६ ऑगस्टला वेढा फोडायला देह ख्वाजा गावावर हल्ला केला, त्यात सोननाकची १९ वी पलटणही होती. तो हल्लाही फसला. मग काबूलहून जनरल रॉबर्ट्स शीख, गुरखा आणि गोऱ्या पलटणी घेऊन धावत आला. १ सप्टेंबरला त्यानं अयुब खानला हरवलं आणि तो साऱ्या साम्राज्याचा हिरो झाला.

हाच रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्तानचा सरसेनापती होता. त्याच्या डोक्यात एक सिद्धांत पक्का बसला होता. काही जाती जन्मानं लढवय्या, काही जन्मानं भेकड. गुरखा, शीख, डोगरा, पठाण हे लढाऊ. मद्रास आणि मुंबईकडचे बरेचसे शिपाई बिनकामाचे. आता मला सांगा, हे कुठं ऐकल्यासारखं वाटतंय का? माणसाची लायकी त्याच्या जन्मावरून ठरवायची. मनूनं पोथीत लिहिलं, रॉबर्ट्सनं लष्करी हुकमात लिहिलं. कागद बदलला, कायदा तोच.

पलटणी जातीच्या पायावर नव्यानं बांधायला घेतल्या. एका जातीची एक पलटण, नाहीतर एका जातीची एक कंपनी. आणि वरच्या जातीचे लोक महाराबरोबर एका छावणीत राहायला तयार नाहीत, ही सबब हाताशी होतीच. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. दुब्राईला पुरती बारा-तेरा वर्षंही झाली नव्हती. तीनशेंच्या पुढं तीन तास उभा राहिलेल्या माणसाच्या पोराला सांगण्यात आलं, तू लढाऊ नाहीस. जा गावाला. गावात काय होतं? येसकराची काठी, मेलेलं ढोर आणि भाकरतुकडा.

मी या लेखाला नाव दिलंय साम्राज्याचे वेसकर. त्याचं कारण सांगतो. आपला बाप-आजा गावाचा वेसकर होता. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, आल्यागेल्याची चौकशी करायची, चोर आला तर आधी आपण मरायचं. गाव राखायचं, पण गावात राहायचं नाही. देऊळ राखायचं, पण देवळात जायचं नाही. शिवकाळात आणि पेशवाईत किल्ल्यांचीही हीच तऱ्हा. गडाच्या खाली, घेऱ्यात, झाडीत महार, मांग, रामोशी, बेरड राखणीला. वरती सदरेवर दुसरेच. इंग्रज आला, त्यानं आपल्याला गावाच्या वेशीवरून उचललं आणि साम्राज्याच्या वेशीवर नेऊन उभं केलं. काहन, कंदहार, दुब्राई ह्या साम्राज्याच्या वेशी. अंगावर लाल डगला आला, हातात बंदूक आली, सलाम मिळाला. पण काम वेसकराचंच. आणि गरज सरल्यावर वेसकराला जसं वेशीबाहेरच ठेवतात तसं ठेवून दिलं.

तरी या वेशीवर आपल्या लोकांनी एक गोष्ट पैदा केली, ती विसरून चालणार नाही. छावणीत शाळा होती. शिपायाला आणि त्याच्या पोरांना अक्षर शिकवायची ती शाळा. गावातली शाळा आपल्याला दारात उभी करत नव्हती तेव्हा छावणीतल्या शाळेत महाराची पोरं, कुठं कुठं पोरीसुद्धा, वाचायला लागल्या. रामजी सकपाळ त्या लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला त्यांच्या घरी भीमराव जन्मला. भरतीचं दार बंद व्हायच्या तोंडावर. मला तर वाटतं, आपल्या चळवळीची पहिली शाखा सरहद्दीवरच्या पलटणीत निघाली, तिच्या शाळेच्या फळ्यावर.

पहिला आवाजही पेन्शनर सैनिकानंच उठवला. गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या गावातले. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले, दापोलीला राहिले, अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. ज्याच्या हातात बंदूक होती त्यानं ती खाली ठेवून लेखणी धरली. भरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये त्यांनी लष्कराला देण्यासाठी अर्ज तयार केला. पुढं पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. त्यांनी १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीनं थेट भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला की आम्हाला लष्करात आणि पोलिसात घ्या. हे अर्ज वाचले की आज आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. इतकी नम्र भाषा, सरकारच्या इतक्या पाया पडणं. पण त्या अर्जांत एक गोष्ट ताठ उभी आहे. आमच्या बापजाद्यांनी काय केलं ते तुमच्याच दप्तरात लिहिलंय, काढून बघा.

साम्राज्यानं दप्तर काढून बघितलं ते गरज पडल्यावर. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ पर्यंत ती मोडून टाकली. परत दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी मागणी लावून धरली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

बाबासाहेबांनी या साऱ्याकडं कसं बघितलं ते नीट समजून घ्या, कारण आपल्यातले बरेच जण अर्धंच सांगतात. अस्पृश्यांच्या तलवारीवर इंग्रजांनी हा देश जिंकला, हे त्यांनी लिहिलं, छातीठोकपणे लिहिलं. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावला गेले. पण तेच बाबासाहेब १९३० मध्ये लंडनला गोलमेज परिषदेत उभे राहिले तेव्हा त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारलं. तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आज येतं काय? आम्हाला देवळात जाता येत नव्हतं, आज येतं काय? पोलिसात, लष्करात आज आम्हाला जागा आहे काय? शौर्याचा अभिमान आणि मालकाला जाब, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी. आणि तिसरी गोष्ट, १९२८ मध्येच त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या विरुद्ध बिल आणलं होतं. वेसकी नको म्हणाले. भाकरीच्या तुकड्याला बांधलेली ती राखणदारी त्यांना मोडायची होती. ते वतन कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

आता अफगाणाची बाजू. दुब्राईवर चालून आलेली ती तीनशे माणसं कोण होती? त्यांच्या मुलखात परकी फौज घुसली होती. त्यांच्या रस्त्यावर परक्यानं चौकी बांधली होती. ते आपली वेस परत घ्यायला आले होते. सोननाकचं आणि त्यांचं काय वैर होतं? काहीच नाही. एका अंगाला ज्याला स्वतःच्या गावात जमीन नाही तो महार शिपाई, दुसऱ्या अंगाला आपल्या जमिनीसाठी लढणारा पठाण. मधे साहेबाचा नकाशा. दोघंही मेले, नकाशा जिंकला. हे मान्य करायला आपल्याला जड जातं. पण चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पाण्याचा हक्कही कळला पाहिजे. नाहीतर आपण फक्त आपल्या जातीची फुशारकी मारणारे ठरू. आणि फुशारकी मारणारे या देशात कमी नाहीत.

मग सोननाकला टाकून द्यायचं? छे. तो आपला आहे. तीन तास तो कुणासाठी उभा राहिला हे मला कळत नाही असं नाही. राणीसाठी नसेल. पगारासाठी तर कुणी गर्दीत घुसत नाही. शेजारी इलाही बक्ष होता, एकाच पलटणीचा. पुढं मेजर होता. काडतूस संपलं, तेव्हा गावात ज्याला वाकून चालायला शिकवलं होतं तो माणूस ताठ उभा राहून बाहेर पडला. मला त्या उभं राहण्याचा अभिमान आहे. युद्धाचा नाही, चौकीचा नाही, साम्राज्याच्या विजयाचा तर अजिबात नाही. शौर्य आपलं होतं, युद्ध आपलं नव्हतं. ही दोन वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत. त्यातलं एकच म्हणणारा एकतर साहेबाचा भाट होतो नाहीतर भटाचा शागीर्द.

आणि म्हणून मित्रांनो, एक काम सुचवतो. भाषणाचं नाही, पायपिटीचं आहे. कोकणात महाड-दापोलीकडं, साताऱ्यात, पुण्याच्या आसपास, नगरकडं आपल्या लोकांच्या घरांत जुन्या पत्र्याच्या पेट्या आहेत. तळाशी पेन्शनचा कागद असतो, एखादं बिल्ल्यासारखं मेडल असतं, पोरं त्याच्याशी खेळतात. म्हातारी सांगते, आमचा पणजा काबूलला गेलता. हसू नका. वही काढा. कुलाब्याच्या त्या चर्चच्या भिंतीवर जी नावं लिहायला जागा नव्हती ती ह्या वहीत लिहा. इंग्रजी वाचता येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर घ्या. मलाही येत नव्हतं, डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक शब्द लावत आलो. भिस्ती, डोलीवाला, झाडूवाला यांचीही नावं घ्या. आपल्याच इतिहासात त्यांना पुन्हा बाजारबुणगे करू नका. इलाही बक्षचं नावही घ्या, तो सोननाकच्या शेजारी मेला.

वहीत रकाने असे पाडा. नाव. बापाचं नाव. गाव. पलटण. कुठं मेला नाहीतर कुठून परत आला. परत आल्यावर गावानं विहिरीवर घेतला का. आणि शेवटचा रकाना मोठा ठेवा, त्यात प्रत्येक नावापुढं लिहायचंय : कुणासाठी.